पुस्तक मिटल्यावर

तुमच्या घरात अमेरिकेतल्या प्राथमिक शाळेत जाणारं मूल असेल, तर 'रीडिंग लॉग' नावाचा कागद तुमच्या फ्रिजवर कधी ना कधी लागलेला असणार. रोज वीस मिनिटं वाचायचं, पुस्तकाचं नाव लिहायचं, किती पानं झाली तो आकडा टाकायचा आणि शेजारी आईची नाहीतर बाबांची सही घ्यायची. आठवड्याच्या सगळ्या सह्या रविवारी रात्री एका बैठकीत, एकाच पेनाने कशा होतात, हेही तुम्हाला ठाऊक असेल. वाचलं की नाही, एवढंच तो कागद विचारतो. वाचून काय झालं, हे विचारायला त्यात रकाना नसतो.

मला त्या नसलेल्या रकान्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे, आणि तेही आपल्या मुलांच्या हातातल्या मराठी पुस्तकांच्या संदर्भात.

मी ओहायोत राहते. नोकरी सॉफ्टवेअरमधली, पण रविवारी सकाळी दहा ते बारा आमच्या गावातल्या मराठी शाळेत नऊ ते बारा वर्षांच्या मुलांचा वर्ग घेते. अशा शाळा तुमच्याही आसपास असतील. उत्तर अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळामुळे त्या बऱ्याच गावांत पोचल्या. इतर देशांत कुठे मंडळाच्या हॉलमध्ये, कुठे देवळात, तर कुठे कुणाच्या बैठकीच्या खोलीत भरतात. आमच्या वर्गात चौदा मुलं आहेत आणि पुस्तकांच्या दोन फळ्या आहेत. त्यावरची बहुतेक पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून निघून, तेवीस किलोच्या बॅगेत लोणच्याच्या बरण्यांशी आणि चकलीच्या डब्याशी जागेसाठी भांडत इथवर आली आहेत.

मुलं या फळ्यांवरून हवं ते पुस्तक घरी नेतात. आपल्या लहानपणी याला 'अवांतर वाचन' म्हणायचे. पुस्तक पंधरा दिवसांनी परत येतं. आता पुढे काय? ते निमूटपणे फळीवर ठेवून द्यायचं, की मुलाला काहीतरी विचारायचं? आणि विचारायचं तर काय?

आपल्यापैकी बहुतेकांना एकच उत्तर ठाऊक असतं, कारण आपल्याला तेच शिकवलं गेलं. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, दहा ओळींत सारांश आणि शेवटी तात्पर्य. मोठ्या वर्गात गेल्यावर संदर्भासह स्पष्टीकरण आणि कवितेचं रसग्रहण. पुण्या-नागपुरात मराठी वातावरणात वाढणाऱ्या मुलाला याने फारसा अपाय होत नाही, कारण पुस्तकाबद्दल बोलायच्या त्याला इतर शंभर जागा असतात. आपल्याकडच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे.

माझ्या वर्गातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाचंच बघा. इंग्रजीतली तीनशे पानांची कादंबरी तो शनिवार-रविवारात संपवतो आणि तिच्यातल्या खलनायकाचं कुठे चुकलं, यावर अर्धा तास बोलू शकतो. त्याच मुलाला सोळा पानांचं मराठी चित्रपुस्तक वाचायला वीस मिनिटं लागतात, कारण 'क्ष' आणि 'ज्ञ' ओळखताना तो अजून थबकतो. म्हणजे विचार अकरा वर्षांचा आणि अक्षरं सहा वर्षांची. त्याला 'सारांश लिही' म्हटलं की कागदावर फक्त तो सहा वर्षांचा मुलगा उतरतो: 'एक मुलगा होता. तो चांगला होता. मला गोष्ट आवडली.' आतला अकरा वर्षांचा वाचक गप्पच राहतो. असं दोन-तीन वर्षं झालं की त्या मुलाची हळूहळू खात्री पटते, की इंग्रजी ही विचार करायची भाषा आणि मराठी ही 'जेवायला ये' म्हणायची. सातवी-आठवीत सॉकर आणि बँड आडवे येतात, तेव्हा मराठी शाळा सोडताना त्याला काही हरवल्यासारखं वाटत नाही. पुस्तकानंतर आपण काय विचारतो, हा प्रश्न मला एवढा मोठा वाटतो तो यामुळे.

लुईस रोझेनब्लॅट या अमेरिकन विदुषीने १९३८ साली 'लिटरेचर ॲज एक्सप्लोरेशन' नावाचं पुस्तक लिहिलं. साहित्याचा अर्थ नुसता छापील पानात नसतो आणि नुसता वाचकाच्या डोक्यातही नसतो. दोघांच्या देवाणघेवाणीतून तो घडतो, हे त्यांचं सांगणं. पुढे १९७८ च्या पुस्तकात त्यांनी वाचनाचे दोन रोख नीट वेगळे केले. एकात आपण वाचून झाल्यावर काहीतरी घेऊन निघतो, जसं औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचून किती चमचे द्यायचे ते. दुसऱ्यात वाचत असताना जे अनुभवतो तेच महत्त्वाचं असतं. सारांश आणि तात्पर्य विचारणं म्हणजे गोष्टीला बाटलीचं लेबल करणं. मुलाने ती गोष्ट जगली असेल, तर तो अनुभव त्या दहा ओळींच्या चौकटीत मावत नाही.

हे विचार बाहेरून आलेले वाटतील, पण आपल्याकडे वाचनाला दिलेल्या प्रतिसादाची जुनी आणि तगडी परंपरा आहे. कीर्तनकार पूर्वरंगात एखादा अभंग घेतो, त्याचं निरूपण करतो आणि उत्तररंगात त्याला साजेसं आख्यान लावतो. तो अभंगाचा सारांश सांगत नाही, अभंगाला आपल्याकडची गोष्ट जोडतो. गीतेचे श्लोक सातशे आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. सारांश असा कधी फुगतो का? एका वाचकाने समोर बसलेल्या माणसांसाठी केलेलं ते बोलणं आहे. 'समोर बसलेली माणसं' हे शब्द लक्षात ठेवा, कारण मला जे सांगायचं आहे ते त्यांच्यापाशीच येतं. मुलाला वाचलेल्याबद्दल बोलावंसं वाटतं ते कुणाला तरी सांगायचं असतं म्हणून. वाचल्याचा पुरावा म्हणून नव्हे.

वर्गात आम्ही काय काय करतो ते आता सांगते. यातलं तुम्हाला घरीही करता येईल.

सगळ्यात जास्त चालते ती पत्रवही. ही कल्पना मी नॅन्सी ॲटवेल यांच्याकडून उचलली. मेन राज्यात मुलांना शिकवणाऱ्या या शिक्षिकेचं 'इन द मिडल' हे पुस्तक १९८७ साली आलं. २०१५ साली पहिला ग्लोबल टीचर प्राइझ त्यांनाच मिळाला. मुलांनी वाचलेल्या पुस्तकाबद्दल शिक्षकाला पत्र लिहायचं आणि शिक्षकाने खरंखुरं उत्तर द्यायचं, अशी त्यांची रीत. आमच्या पत्रवहीचे नियम तीन. पत्र कुणालाही लिहिता येतं: मला, वर्गातल्या मित्राला किंवा पुस्तकातल्या माणसाला. अडेल तिथे इंग्रजी शब्द चालतो, पण देवनागरीत लिहायचा. आणि पत्रात लाल पेन फिरत नाही. मुलाने 'विहीर' चुकीचं लिहिलं असेल, तर माझ्या उत्तरात 'विहीर' हा शब्द दोनदा नीट येतो, एवढंच. पुढच्या पत्रात तो बहुतेक वेळा सुधारलेला असतो.

या पत्रवहीतूनच गेल्या वर्षी आमच्याकडे थोडी खळबळ झाली. एका दहा वर्षांच्या मुलीला तिची आई रोज रात्री 'श्यामची आई' वाचून दाखवत होती. (ऐकणं हेही वाचनच, असं आम्ही मानतो.) साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक, आणि त्याची रचनाच अशी, की आश्रमात रोज रात्री श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. त्यात श्यामच्या पोहण्याची गोष्ट आहे. श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारत विहिरीवर पाठवते, कारण आपल्या मुलाला कुणी भित्रा म्हटलेलं तिला सहन होणार नसतं.

त्या मुलीने श्यामच्या आईला पत्र लिहिलं. 'तुम्ही श्यामला मारायला नको होतं. तो घाबरला होता. माझी आई पण मला स्विमिंगला नेते, पण ती माझ्याबरोबर पाण्यात येते. तुम्ही पाण्यात का नाही गेलात?'

ते पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा सुरू झाली. एका बाबांना हे अजिबात रुचलं नाही. ज्या पुस्तकावर आपण रडलो, ज्या आईला नमस्कार करायला शिकलो, तिला इथली मुलं जाब विचारणार का? त्यांचा राग खोटा नव्हता. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात ते पुस्तक देव्हाऱ्यात नसलं, तरी देव्हाऱ्याच्या शेजारीच असायचं. त्या रात्री त्यांनी ते प्रकरण पुन्हा काढून वाचलं आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला. म्हणाले, 'अहो, मला एवढी वर्षं फक्त आईची माया आठवत होती. शिंपटी पार विसरलो होतो.' चाळीस वर्षांनंतरचा हा एका वाचकाचा प्रतिसादच होता. तो मिळवून दिला दहा वर्षांच्या मुलीच्या एका प्रश्नाने.

खरी गंमत पुढे झाली. मुलीच्या आईने त्या पत्राचा फोटो साताऱ्याला आपल्या आईला पाठवला. आठवड्याने आजीचं उत्तर आलं. वहीच्या दोन पानांवर हाताने लिहिलेलं, फोटो काढून पाठवलेलं. आजीने लिहिलं होतं, की मी काही श्यामची आई नाही, पण तुझ्या आईची आई आहे, म्हणून उत्तर देते. आमच्या वेळी मुलींना विहिरीत कोण उतरू देणार? मला आजही पोहता येत नाही. तुझ्या आईला तलावावर क्लासला घातलं, तेव्हा मी काठावर उभी होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता. श्यामच्या आईला तरी पोहता येत होतं का, बघ बरं. ज्याची स्वतःला भीती वाटते, ते आपल्या लेकराला यावं असं आईला वाटतं. मारणं बरोबर नव्हतं, तू म्हणतेस ते खरं आहे.

मुलीने आजीला परत पत्र लिहिलं: 'आता उन्हाळ्यात तू इथे आलीस की मी तुला शिकवीन. मी मारणार नाही.'

या तीन पत्रांतून त्या मुलीने किती मराठी वाचलं आणि लिहिलं, ते मोजत बसायची गरज नाही. पण 'श्यामच्या पोहण्याचा सारांश दहा ओळींत' यातून आजीची ती गोष्ट कधी निघाली असती का, ते तुम्हीच सांगा.

सगळ्या मुलांना लिहायला आवडतं असं नाही. एका मुलाला पेन हातात धरायचाच कंटाळा. त्याला आम्ही 'चिंटू'ची पुस्तकं दिली. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ साली 'सकाळ'मध्ये सुरू झाली. आपल्यापैकी कित्येकजण पेपर हातात आला की आधी तीच शोधायचे. मग त्याला सांगितलं, की वाचलेल्या कुठल्याही पुस्तकातला प्रसंग तीन चौकटींत काढ. फुग्यात पाच-सहाच शब्द मावतात, म्हणून लिहिण्याचं दडपण नाही. पण ते पाच शब्द कुठले, हे ठरवायला त्याला पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. फुग्यातल्या शब्दांवरून आणि चेहऱ्यांवरून कळतं, की कुणाला काय वाटत होतं हे मुलाला किती नेमकं समजलं आहे.

दुसऱ्या एकाने भा. रा. भागवतांच्या 'फास्टर फेणे'चा नकाशा काढला. बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा. आमच्या या पठ्ठ्याचे आजी-आजोबा हडपसरला राहतात. नकाशात फुरसुंगी शोधताना त्याला कळलं, की ते गाव आजोबांच्या घरापासून अगदी जवळ आहे! तोवर फुरसुंगी हे त्याच्या लेखी गोष्टीतलंच एक गाव होतं. त्याने आजोबांना फोन करून विचारलं, की तुम्ही सायकलवर कुठवर जायचात? आजोबांनी अर्धा तास रस्ते सांगितले. त्यातले कित्येक आता ओळखू येणार नाहीत असे. मुलाने फास्टर फेणेचे रस्ते निळ्या रंगात काढले, आजोबांचे तांबड्या. तो कागद आमच्या वर्गाच्या भिंतीवर आहे आणि नवीन येणारं प्रत्येक मूल त्यावर आपल्या आजोळचं गाव शोधतं. चौघांनी त्यानंतर फास्टर फेणेची पुस्तकं मागून नेली.

मोठ्या मुलांसाठी भाषांतर हा फार चांगला प्रकार आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' नावाचा मंच सुरू केला. त्यावरची पुस्तकं खुल्या परवान्याखाली आहेत. ती फुकट वाचता येतात आणि दुसऱ्या भाषेत नेताही येतात. मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. आमच्या वर्गातल्या दोन मुलींनी आपल्या मराठी न येणाऱ्या मैत्रिणींसाठी एका छोट्या मराठी गोष्टीचं इंग्रजी करायला घेतलं आणि तिसऱ्याच वाक्यावर अडल्या. शब्द होता 'रुसली'. इंग्रजीत काय लिहायचं? 'अँग्री' म्हणावं तर ती रागावलेली नाही. 'सॅड' नाही. 'सल्क' जवळचा, पण त्यात जरा नापसंती आहे. तासभर वाद चालला. शेवटी त्यातली एक म्हणाली, 'मावशी, आपण अनोळखी माणसावर रुसत नाही ना? समजूत काढायला कुणीतरी येणार आहे हे माहीत असेल तरच रुसतो.' मी गप्प बसून ऐकत राहिले. मराठी बोलणाऱ्या घरात जन्मभर राहूनही हा शब्द कुणी असा उलटापालटा करून पाहिलेला नसतो. पुस्तक बारा पानांचं होतं. वाचक मात्र बारा वर्षांच्या होत्या, आणि इथे त्यांना बारा वर्षांचं राहता आलं.

लहान भावंडांसाठी गोष्ट आवाजात रेकॉर्ड करणं हाही असाच एक उपाय. अडखळत वाचणारं मूल वर्गात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लाजतं. पण 'बाळाला झोपताना ऐकवायला चार मिनिटांची गोष्ट हवी आहे' म्हटलं, की तेच मूल बंद खोलीत सात-आठ वेळा वाचून बघतं. एकच मजकूर पुन्हा पुन्हा वाचल्याने वाचनाला ओघ येतो, हे वाचनतज्ज्ञांनी पुष्कळ आधीच दाखवलं आहे. फक्त 'पुन्हा वाच' असं मास्तरांनी म्हटलं की ती शिक्षा होते आणि बाळासाठी केलं की ती तालीम होते.

आता जरा धोक्याच्या गोष्टीही सांगायला हव्यात. 'क्रिएटिव्ह' हा शब्द आला की आपल्या पालकवर्गात एक वेगळाच उत्साह संचारतो. बुटांच्या खोक्यातला देखावा, थर्माकोलचा किल्ला, रात्री अकरा वाजता दुकानात जाऊन आणलेली चमकी. शेवटी देखावा बाबांचा असतो, अक्षर आईचं असतं आणि मूल केव्हाच झोपलेलं असतं. चार तास गोंदात आणि चार मिनिटं पुस्तकात गेली, तर तो हस्तकलेचा तास झाला. हस्तकला चांगलीच, पण तिला वाचनाचं नाव कशाला? मी स्वतःपुरत्या दोन कसोट्या ठेवल्या आहेत. हे करताना मूल पुस्तकाकडे परत गेलं का? आणि ते ज्याच्यासाठी केलं, असा कुणी समोर आहे का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर खोक्यातला देखावाही चालेल. 'नाही' असेल, तर सुंदर पोस्टरही सारांशाचाच रंगीत भाऊ.

दुसरा धोका बक्षिसांचा. अमेरिकेत पिझ्झा हटने १९८४ साली 'बुक इट' ही योजना सुरू केली: ठरलेलं वाचन पूर्ण करा आणि पिझ्झा मिळवा. तिच्या आठवणी सांगणारे लोक तुम्हाला ऑफिसात भेटतील, आणि त्या गोड असतात. पण त्याच्या आधी, १९७३ साली, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा एक प्रसिद्ध प्रयोग छापून आला होता. आवडीने चित्रं काढणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र देऊ, असं आधी सांगण्यात आलं. नंतर मोकळ्या वेळात त्या मुलांची चित्रं काढण्याची ओढ इतर मुलांपेक्षा कमी झालेली दिसली. ज्याला वाचायची अजिबात गोडी नाही, त्याला सुरुवातीला लाडूचं आमिष दाखवायला माझी हरकत नाही. पण ज्याला गोष्ट मुळातच आवडली आहे, त्याला स्टिकर देऊन आपण नकळत सांगतो, की गोष्ट हे काम होतं आणि स्टिकर हा पगार.

आणि तिसरी गोष्ट, गप्प बसण्याची. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले. पहिला न वाचण्याचा आणि दहावा वाचल्यावर काहीही न बोलण्याचा. आमच्या पत्रवहीत कोरं पान चालतं. फक्त वर तारीख आणि पुस्तकाचं नाव घालायचं. एका मुलाने आजोबा गेल्यानंतरच्या महिन्यात एका चित्रपुस्तकापुढे असं कोरं पान सोडलं. ते पुस्तक त्याने चार वेळा घरी नेलं होतं. त्या पानावर मी काही लिहिलं नाही आणि त्याला काही विचारलंही नाही.

तुम्ही मस्कतला असाल, लीड्सला असाल किंवा जवळपास मराठी शाळाच नसलेल्या एखाद्या गावात असाल, तर हे सगळं कसं करणार, असं वाटेल. पुस्तकांचं म्हणाल तर ती अडचण आता पूर्वीइतकी नाही. 'स्टोरीवीव्हर' आहेच; शिवाय बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर खुले आहेत, आणि त्यात तुम्ही लहानपणी वाचलेली एखादी गोष्टही सापडेल. माधुरी पुरंदऱ्यांची चित्रपुस्तकं कुणी भारतातून येणार असेल तर अवश्य मागवा. त्यातली चित्रंच मुलांना बोलतं करतात. आणि समोर बसणारं माणूस शोधायला शाळा लागत नाही. साताऱ्याची आजी फोनच्या पलीकडे असतेच. आजी नसेल तर मामा असतो, शेजारच्या गल्लीतलं दुसरं मराठी घर असतं.

सगळ्यात सोप्या उपायाने सुरुवात करा. आमच्या फळीवरच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला आम्ही आतून एक पाकीट चिकटवलं आहे. वाचून झालं की पुढच्या वाचकासाठी त्यात एक चिठ्ठी टाकायची. एक ओळ पुरे. नाव लिहायची सक्ती नाही. चिठ्ठी पुढच्याने पुस्तक घेतल्यावरच उघडायची. त्यातल्या काही सांगते: 'पहिली दहा पानं बोअर आहेत, पण थांबू नको.' 'पान १४ वर हसायला येईल, बसमध्ये वाचू नको.' 'मला कुत्रा आवडला. शेवटी त्याचं काय झालं ते लिहिलं नाही. तुला काय वाटतं?' या शेवटच्या चिठ्ठीखाली आता वेगवेगळ्या अक्षरांत पाच उत्तरं आहेत. त्यातलं एक कुणाच्या तरी आजोबांचं आहे, कारण ते सुट्टीत इथे आले असताना त्यांनी नातवाचं पुस्तक चाळलं आणि त्यांनाही कुत्र्याबद्दल काही सांगायचं होतं. ते कुत्र्याला कोकणात घेऊन गेले आहेत.

तेव्हा घरात मराठी पुस्तक असेल तर आज एक पाकीट चिकटवा आणि पहिली चिठ्ठी तुम्ही टाका. सारांश नको, तात्पर्य तर नकोच. वाचताना तुम्हाला जे खरंच वाटलं तेवढंच लिहा आणि पुस्तक मुलाच्या उशाशी ठेवून द्या. उत्तर यायला कदाचित महिना लागेल, कदाचित ते अर्ध्या इंग्रजीत येईल. आलं की आम्हालाही जरूर कळवा.